कॅप्टन फ्लिंडर्स आणि त्यांचा ट्रिम

आपल्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर बे द्यू काप येथे एका इंग्रज नाविकाचे स्मारक आहे. ते कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्स यांचे. ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालून त्या खंडाचा नकाशा तयार करणारे म्हणून त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्यातले एक दुःख मॉरिशसच्या भूमीवर घडले, ते फार थोड्यांना माहीत आहे. ते दुःख एका मांजराचे होते. वाचक बंधू-भगिनींनी हसू नये. ज्यांच्या घरी मांजर वाढले आणि वारले, त्यांना ते लगेच कळेल.

फ्लिंडर्स यांचा जन्म १६ मार्च १७७४ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन या गावी झाला. पंधराव्या वर्षी ते नौदलात गेले आणि १७९५ साली सिडनीला पोहोचले. पुढे मित्र जॉर्ज बास यांच्याबरोबर फेरी मारून टास्मानिया हे बेट आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

याच काळात त्यांच्या जहाजावर एक बोका जन्मला. रंग काळा, चारही पाय पांढरे आणि छातीवर पांढरी चांदणी. लहान असताना तो एकदा समुद्रात पडला, पण पोहत आला आणि दोर पकडून वर चढला. फ्लिंडर्स यांनी त्याचे नाव ट्रिम ठेवले. एका इंग्रजी कादंबरीतल्या इमानी नोकराचे ते नाव. जेवणाच्या वेळी ट्रिम अधिकाऱ्यांच्या टेबलाजवळ हजर असे. कोणी बोलण्यात गुंतला की त्याच्या काट्यावरचा घास अलगद पळवी.

१८०१ च्या एप्रिलमध्ये फ्लिंडर्स यांचे ॲनशी लग्न झाले. पत्नीला जहाजावर नेण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून ती मागे राहिली आणि ट्रिम बरोबर गेला. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून त्यानेही ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा केली. १८०३ साली परतीच्या वाटेवर दुसरे जहाज प्रवाळाच्या खडकावर फुटले. फ्लिंडर्स छोट्या नावेतून मदत आणायला सिडनीला गेले, तेव्हा ट्रिम खलाशांबरोबर वाळूच्या पट्टीवर जवळजवळ दोन महिने राहिला.

नंतर फ्लिंडर्स २९ टनांच्या ‘कंबरलँड’ नावाच्या गळक्या गलबतातून निघाले आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी बे द्यू काप येथे आले. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांचे होते. इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध पुन्हा पेटले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. जवळचा परवाना होता तो ‘इन्व्हेस्टिगेटर’चा. गव्हर्नर दकां यांना संशय आला आणि फ्लिंडर्स साडेसहा वर्षे अडकून पडले.

पोर्ट लुईच्या कैदेत ट्रिम त्यांच्याजवळच होता. पुढे त्याच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी त्याला एका फ्रेंच बाईंच्या घरी, त्यांच्या लहान मुलीला सोबत म्हणून दिले. पंधरवड्यात ट्रिम नाहीसा झाला. वर्तमानपत्रात दहा स्पॅनिश डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, पुष्कळ शोध झाला, पण तो सापडला नाही. उपाशी गुलामांनी त्याला खाल्ले असावे, असा फ्लिंडर्स यांनी तर्क केला. त्याला पुरावा काही नव्हता. आपले गिरमिटिये पूर्वज १८३४ नंतर आले, म्हणून त्या दिवसांचे साक्षीदार आपल्यात नाहीत. पण गुलामांना पोटभर मिळत नव्हते, ही गोष्ट खरी. आणि दुःखात माणूस कोणावर तरी बोट ठेवू पाहतो, हीही खरी.

पुढे त्यांना विलेम्स प्लेन्स भागात दारिफा बाईंच्या मळ्यावर राहू दिले. तिथे ते फ्रेंच शिकले आणि त्या घरच्या मुलांना गणित शिकवू लागले. तिथेच १८०९ साली, ट्रिम जाऊन पाच-सहा वर्षे झाल्यावर, त्यांनी त्याचे चरित्र लिहिले. त्यात रडगाणे नाही. त्याच्या खोड्या आहेत, त्याची ऐट आहे, आणि शेवटी एक संकल्प आहे: कधी स्वतःचे लहानसे घर आणि अर्धा एकर बाग मिळाली, तर एका निवांत कोपऱ्यात ट्रिमचे स्मारक उभारीन.

ती बाग त्यांना मिळाली नाही. जून १८१० मध्ये सुटका झाली, पण प्रकृती खचली होती. १९ जुलै १८१४ रोजी, त्यांचा मोठा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते वारले. ट्रिमचे चरित्र छापून निघाले ते १९७० च्या दशकात. फ्लिंडर्स यांची हरवलेली कबर २०१९ साली लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ सापडली, आणि २०२४ मध्ये त्यांचे अवशेष डॉनिंग्टनला नेऊन पुरले.

सिडनीच्या पश्चिमेला पेंडल हिल येथे आमचे एक आप्त राहतात. त्यांचे मांजर मेले तेव्हा धाकट्या मुलीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. आईवडिलांनी त्याच आठवड्यात नवे पिल्लू आणले, पण मुलीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. मग ते तिला रेल्वेने शहरात घेऊन गेले. मॅक्वारी रस्त्यावर ग्रंथालयापाशी फ्लिंडर्स यांचा पुतळा आहे, आणि त्याच्या मागे खिडकीच्या कठड्यावर १९९६ पासून ब्राँझचा ट्रिम उभा आहे. त्याची हकीकत ऐकून मुलीने घरी वहीत आपल्या मांजराची हकीकत लिहिली. पेंडल हिलचा काही भाग ज्या नगरपालिकेत येतो तिचे नाव कंबरलँड. ट्रिमच्या शेवटच्या गलबताचेही नाव तेच.

हातून मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, असे आपले जुने लोक सांगत. म्हणजे त्या जिवाची किंमत आपल्या घरांत कधी हलकी नव्हती. तेव्हा घरातले मूल मांजरासाठी रडले तर ‘एवढ्याशा मांजराचे काय’ असे आपण म्हणू नये. त्याला जवळ बसवावे, मांजराच्या खोड्या विचाराव्यात, लिहिता येत असेल तर वही द्यावी. नव्या पिल्लाची घाई करू नये. कैदेत पडलेल्या एका कर्त्या पुरुषालाही ट्रिमची गोष्ट हसत सांगता येण्यास पाच-सहा वर्षे लागली.