पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविर

१४ ऑक्टोबर १९५६ ची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा कोणी दिली, असे विचारले की आपली पोरे गप्प होतात. म्हणून आम्ही ही ओळख देत आहोत.

भदंत चंद्रमणी यांचा जन्म १८७६ साली ब्रह्मदेशातील आराकान प्रांतात झाला. तरुणपणीच ते भारतात आले. भगवंतांच्या महापरिनिर्वाणाची भूमी कुशीनगर हीच त्यांनी आपली कर्मभूमी मानली. तिथे त्यांनी विहार सांभाळला, मुलांसाठी शाळा काढल्या.

भिक्खू संघात वडीलकी जन्मावर नाही, वर्षावासांवर मोजतात. वीस वर्षावास झाले की भिक्खू महास्थविर होतो. भदंत त्या वेळी ८० वर्षांचे, देशातले सर्वांत ज्येष्ठ भिक्खू. म्हणूनच बाबासाहेबांनी त्यांना बोलावले. एवढ्या वयात ते कुशीनगराहून नागपूरला आले आणि बाबासाहेब व माईसाहेबांना पाली भाषेत त्रिशरण-पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली.

दोन महिनेही झाले नाहीत, तोच बाबासाहेब गेले. त्यांच्याहून १५ वर्षांनी वडील असलेले भदंत मात्र पुढे १५ वर्षांहून जास्त जगले. १९७२ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निर्वाण झाले.

आज वंदना म्हणताना पोरांना हे नाव जरूर सांगावे. भदंतांना आमचे विनम्र अभिवादन!