कॅन्सर, मलेरिया ते एचआयव्ही... पीएचडी न करता नोबेल मिळवणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांची गोष्ट

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं मर्काप्टोप्युरिन. मलेरियावरचं पायरीमेथामिन. नागीण आणि कांजिण्यांवरचं असायक्लोव्हिर. एचआयव्हीवरचं जगातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध झिडोव्हुडिन, म्हणजेच एझेडटी.

आजार वेगवेगळे असले, तरी या चारही औषधांचा रस्ता एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेतून गेला. कंपनीचं नाव बरोज वेलकम. आणि त्या प्रयोगशाळेत जवळपास चाळीस वर्षं काढलेल्या बाईचं नाव गर्ट्रूड एलियन.

या बाईंकडे पीएचडी नव्हती. तरुणपणी तर त्यांना प्रयोगशाळेत कुणी उभंही करत नव्हतं.

आजोबा गेले आणि विषय ठरला

गर्ट्रूड यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ चा, न्यूयॉर्कमधला. वडील लिथुआनियातून अमेरिकेत आलेले, पेशाने दातांचे डॉक्टर. घरची परिस्थिती चांगली होती, पण १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि वडिलांचा पैसा बुडाला.

गर्ट्रूड १५ वर्षांच्या असताना त्यांचे लाडके आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले. त्यांचे हाल गर्ट्रूड यांनी डोळ्यांनी पाहिले. या आजारावर औषध शोधायचं तर रसायनशास्त्र शिकायला हवं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

हंटर कॉलेजमध्ये फी नव्हती म्हणून शिकता आलं. १९३७ साली त्या अव्वल गुणांनी पदवीधर झाल्या. पुढच्या शिक्षणासाठी आर्थिक मदत मिळावी म्हणून त्यांनी १५ विद्यापीठांकडे अर्ज केले. सगळीकडून नकार आला.

नोकरीचंही तेच. मंदीचा काळ, त्यात बाई. शेवटी एका केमिस्टच्या प्रयोगशाळेत त्या सुरुवातीला बिनपगारी राबल्या. साठवलेल्या पैशांतून न्यूयॉर्क विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथल्या त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. दिवसा शाळेत शिकवायचं आणि रात्री, शनिवार-रविवारी प्रयोग करायचे, असं करत १९४१ साली त्यांनी एमएससी पूर्ण केली.

त्याच वर्षी आणखी एक आघात झाला. ज्यांच्याशी लग्न ठरलं होतं, ते हृदयाच्या झडपांना झालेल्या जंतुसंसर्गाने गेले. पेनिसिलिन पुढे काहीच वर्षांत सर्रास मिळू लागलं. ते आधी आलं असतं तर कदाचित ते वाचले असते. गर्ट्रूड यांनी नंतर लग्न केलंच नाही.

लोणच्याचा आंबटपणा मोजण्यापासून सुरुवात

दुसऱ्या महायुद्धात पुरुष केमिस्ट सैन्यात गेले आणि प्रयोगशाळांची दारं बायकांसाठी किलकिली झाली. एलियन यांना पहिली धड नोकरी मिळाली ती खाद्यपदार्थ तपासण्याची. लोणच्याचा आंबटपणा मोजायचा, मेयोनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग बघायचा. शिकण्यासारखं संपल्यावर त्यांनी ती सोडली.

१९४४ साली त्या बरोज वेलकममध्ये जॉर्ज हिचिंग्ज यांच्या मदतनीस म्हणून लागल्या. कामाबरोबर संध्याकाळी पीएचडीही सुरू केली. पण काही काळाने नोकरी सोडून पूर्णवेळ शिका, अशी अट पुढे आली. एलियन यांनी नोकरी ठेवली आणि पीएचडी सोडली.

औषध शोधण्याची नवी पद्धत

त्या काळी बरीचशी औषधं अंदाजपंचे सापडायची. हजार रसायनं तपासायची, एखादं लागू पडलं तर पडलं.

हिचिंग्ज यांचा विचार वेगळा होता. कुठल्याही पेशीला वाढायचं तर डीएनए तयार करावा लागतो आणि त्यासाठी कच्चा माल लागतो. त्या मालासारखं दिसणारं खोटं रसायन पेशीला दिलं तर? पेशी ते खरं समजून उचलेल आणि तिचं काम ठप्प होईल. कुलपात जवळपास तशीच दिसणारी चुकीची किल्ली अडकवण्यासारखाच हा प्रकार.

कॅन्सरची पेशी, जिवाणू, मलेरियाचा परजीवी आणि माणसाची निरोगी पेशी, प्रत्येकाचं कुलूप थोडं वेगळं असतं. त्या फरकाचा फायदा घ्यायचा होता.

एलियन यांच्या वाट्याला प्युरिन नावाची रसायनं आली. त्यातून १९५१ साली मर्काप्टोप्युरिन तयार झालं. तेव्हा रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं बहुधा काही महिन्यांतच दगावायची. या औषधाने त्यांचं आयुष्य वाढू लागलं आणि १९५३ साली त्याला मान्यता मिळाली. पण बरी झालेली मुलं पुन्हा आजारी पडत आणि जात. एलियन यांना ते फार लागायचं. त्यामुळे हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं नेमकं होतं काय, याच्या मागे त्या अनेक वर्षं लागल्या. आज हेच औषध इतर औषधांच्या जोडीने दिलं जातं आणि या आजाराची बहुतेक मुलं बरी होतात.

मलेरियाचं औषध कसं आलं?

हिचिंग्ज यांच्याच गटातले दुसरे सहकारी पिरिमिडीन नावाच्या रसायनांवर काम करत होते. त्यातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पायरीमेथामिन आलं.

मलेरियाच्या परजीवीला वाढायला फोलेट लागतं आणि ते तो स्वतः बनवतो. पायरीमेथामिन त्यातली एक पायरी अडवतं. तशीच पायरी माणसाच्या शरीरातही असते, पण परजीवीच्या पायरीवर हे औषध कितीतरी जास्त घट्ट बसतं. म्हणून परजीवी मरतो आणि माणूस तगतो.

पुढे त्याच्या जोडीला सल्फाडॉक्सिन आलं. एक औषध फोलेटच्या रस्त्यावरची आधीची पायरी अडवतं, दुसरं नंतरची. दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा जास्त काम करतात. याच तत्त्वावर याच प्रयोगशाळेचं ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल यांची जोडी बनली. तिला आपण को-ट्रायमॉक्साझोल म्हणून ओळखतो.

एका औषधाने दुसऱ्याचं बळ वाढवलं

मर्काप्टोप्युरिनचा बराच भाग शरीरातलं एक एन्झाइम मोडून टाकतं. ते एन्झाइमच रोखलं तर औषधाचा परिणाम वाढेल, असा विचार करून एलियन यांच्या गटाने अ‍ॅलोप्युरिनॉल वापरून पाहिलं.

परिणाम वाढला, पण त्याबरोबर विषारीपणाही तितकाच वाढला. कॅन्सरच्या दृष्टीने हाती फारसं लागलं नाही. मात्र तेच एन्झाइम शरीरात युरिक अ‍ॅसिड बनवतं, त्यामुळे युरिक अ‍ॅसिड उतरलं आणि गाऊटवर औषध मिळालं. १९६६ साली त्याला मान्यता मिळाली.

आजही मर्काप्टोप्युरिन घेणाऱ्या पेशंटला अ‍ॅलोप्युरिनॉल द्यायची वेळ आली, तर आधीच्या औषधाचा डोस साधारण पाव ते एक तृतीयांशावर आणतात. तसं केलं नाही तर हाडांतल्या मगजाचं, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेचं काम बंद पडू शकतं. दोन औषधं शरीरात एकमेकांना गाठतात तेव्हा काय होतं, याचं हे ठळक उदाहरण.

निवृत्तीनंतर आलेलं एझेडटी

१९७० च्या दशकात एलियन यांच्या गटाने असायक्लोव्हिर पुढे आणलं. निरोगी पेशींना फारसा धक्का न लावता विषाणूला गाठता येतं, हे त्याने दाखवून दिलं.

१९८३ साली एलियन निवृत्त झाल्या, पण सल्लागार म्हणून येत राहिल्या. त्याच सुमारास एड्सचा विषाणू सापडला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शास्त्रज्ञांनी जुनी रसायनं तपासायला घेतली. १९६४ साली कॅन्सरसाठी बनवलेलं आणि बाजूला पडलेलं एझेडटी त्यात लागू पडलं.

२८२ पेशंटवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी एकाचा, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १९ जणांचा मृत्यू झाल्यावर चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना औषध देण्यात आलं. मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळाली. हे श्रेय एलियन यांनी स्वतःकडे घेतलं नाही. आपण फक्त पद्धत शिकवली, असंच त्या मानत.

१९८८ साली हिचिंग्ज, जेम्स ब्लॅक आणि एलियन यांना नोबेल मिळालं. ज्या संस्थेतली पीएचडी अर्धवट राहिली होती, तिने पुढे त्यांना मानद डॉक्टरेट दिली. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पेशंटची पत्रं त्यांनी शेवटपर्यंत जपली होती.

एचआयव्ही आणि मलेरिया एकत्र आले तर?

एलियन यांच्या प्रयोगशाळेतली औषधं आज एकाच पेशंटच्या शरीरात भेटू शकतात. तिथे जपावं लागतं.

पहिलं उदाहरण झिडोव्हुडिन आणि पायरीमेथामिनचं. दोन्ही औषधं हाडांतल्या मगजावर ताण आणू शकतात. एकत्र दिली तर रक्त कमी होण्याचा धोका वाढतो.

दुसरं को-ट्रायमॉक्साझोलचं. प्रतिकारशक्ती घटलेल्या एचआयव्हीच्या पेशंटना इतर संसर्ग टाळायला ते रोज देतात. त्यातच मलेरियासाठी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन दिलं, तर एकाच रस्त्यावर काम करणारी चार औषधं होतात आणि गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. म्हणूनच को-ट्रायमॉक्साझोल घेणाऱ्या एचआयव्हीच्या पेशंटना आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देणं टाळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झिडोव्हुडिन किंवा इफाविरेन्झ घेणाऱ्यांना आर्टेसुनेट आणि अ‍ॅमोडियाक्विनही टाळायला सांगितलं आहे.

हा प्रश्न फक्त आफ्रिकेचा नाही. भारताच्या २०१३ च्या मलेरिया औषध धोरणात ईशान्येकडची राज्यं सोडून बाकी ठिकाणी, म्हणजे महाराष्ट्रातही, फाल्सिपेरम मलेरियासाठी आर्टेसुनेटबरोबर हीच सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनची जोडी ठरवली होती. ईशान्येला आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन.

या दुसऱ्या जोडीचीही वेगळी गोष्ट आहे. इफाविरेन्झमुळे यकृत ही औषधं लवकर मोडून टाकतं. त्यांचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि मलेरिया उलटण्याची भीती राहते. रिटोनाव्हिर उलट करतं, त्याच्यामुळे ल्युमेफँट्रिनचं प्रमाण वाढतं. आता जास्त वापरात असलेल्या डोल्युटेग्राव्हिरचा मात्र या जोडीशी फारसा झगडा नाही.

मग करायचं काय?

एचआयव्हीची औषधं सुरू असताना थंडी वाजून ताप आला, तर लगेच रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची नावं सांगा, को-ट्रायमॉक्साझोलसकट. नावं आठवत नसतील तर पाकीट किंवा एआरटी केंद्राचं कार्ड दाखवा. मेडिकलमधून परस्पर मलेरियाचा कोर्स आणू नका. आणि ताप आहे म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा दोन्ही उपचार एकत्र चालू ठेवता येतात. त्यासाठी जोडी कुठली निवडायची, ते डॉक्टरांना ठरवू द्या.