फ्रान्झ बोआस

मानववंशशास्त्राचे नाव घेताच आम्हांस प्रथम आठवतात ते फ्रान्झ बोआस. १८५८ साली जर्मनीतील मिंडेन येथे ज्यू कुटुंबात ते जन्मले. पदवी घेतली पदार्थविज्ञानाची; पण १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावर इन्युइट लोकांत काढलेल्या हिवाळ्याने त्यांच्या अभ्यासाची दिशाच पालटली.

त्या काळी कवट्या मोजून वंशांची उच्चनीचता ठरवीत. बोआस यांनी तीच मोजपट्टी हाती घेतली. अमेरिकेत आलेले स्थलांतरित व त्यांची मुले अशा सुमारे १८,००० जणांच्या मोजमापांवरून त्यांनी दाखवले, की परिसर बदलताच एका पिढीत डोक्याची ठेवणही बदलते. जन्मजात श्रेष्ठत्वाचा आधारच त्यामुळे डळमळला.

डाग त्यांच्याही चरित्रावर आहे. अभ्यासासाठी एक इन्युइट आणावा, असे त्यांनी सुचविले; १८९७ साली ग्रीनलंडहून न्यूयॉर्कला सहाजण आणले गेले व त्यांतील चौघे आजाराने दगावले. हे आम्ही झाकून ठेवू नये.

कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या हाताखाली अलेक्झांडर गोल्डनवायझर घडले. त्यांच्याच चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी तरुण बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. बोआस तेव्हा त्याच विद्यापीठात शिकवीत होते.