माणसे जोडणारे कर्मवीर

संस्थेची घटना कागदावर लिहिली जाते, परंतु संस्था उभी राहते ती सभासदांच्या परस्पर स्नेहावर. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन हीच शिकवण देते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. नियम माणसापेक्षा मोठा झाला की आपलाच माणूस दुरावतो, याचा अनुभव त्यांना तरुणपणीच आला.

पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त ते खेडोपाडी फिरले. शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी त्यांची सुखदुःखे जाणून घेतली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हा हा जिव्हाळाच त्यांचे खरे भांडवल होता.

१९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवत. बंधुभावावर व्याख्याने देण्याऐवजी भाऊरावांनी तो रोजच्या कामातून रुजविला. मुलांचे ते अण्णा झाले. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरील दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या नात्यांची कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. शासनाशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद झाले. त्या वेळी संत गाडगे महाराजांसारखे सुहृद भाऊरावांच्या पाठीशी उभे राहिले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण सन्मान लाभला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. संस्थापक गेले, तरी संस्था वाढतच राहिली. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून पुन्हा मूळ वृक्षालाच आधार देतात. अण्णांनी जोडलेली माणसेही तशीच होती.

हट्ट्यासारख्या गावात सभासद एकमेकांचे शेजारीच असतात. तरीही वार्षिक सभा आणि वर्गणीची पावती एवढ्यापुरताच संबंध उरला, तर नोंदवही भरलेली राहील आणि संस्था रिकामी होईल. नव्या सभासदाच्या घरी जावे, आजारी सभासदाची विचारपूस करावी, वेगळे मत मांडणाऱ्यास दूर न लोटता ऐकून घ्यावे, श्रमकार्यात व पंक्तीत सर्वांनी एकत्र यावे. कर्मवीरांच्या स्मृतीस हेच खरे अभिवादन ठरेल.