विश्लेषण : ‘हेराल्ड’ला आकार देणारे मिकेलोत्ती कोण होते? बिनछताची जुनी गाडी घेताना त्यांची गोष्ट माहीत का हवी?

अकोल्याच्या एका मित्राने गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. फिकट निळी, दोन दारांची, छत नसलेली गाडी. चाकांत हवा नाही, मागच्या सीटवर रिकामी पोती. साठच्या दशकातली अस्सल विलायती कन्व्हर्टिबल म्हणून ती विकायला काढली होती आणि मित्र इसार देण्याच्या बेतात होता. त्याआधी त्याला माझे मत हवे होते. मी मेकॅनिकलचा पदवीधर असल्याचा हा परिणाम. चार वर्षांत एकाही गाडीचे इंजिन प्रत्यक्ष उघडले नव्हते, हे मित्राला कोण सांगणार?

फोटोतली गाडी स्टँडर्ड हेराल्ड होती. ती अस्सल आहे की नाही हे ठरवण्यासाठी वाचायला बसलो आणि तुरिनमधल्या एका माणसापाशी जाऊन पोहोचलो. जोव्हानी मिकेलोत्ती हे त्यांचे नाव. मोटारीच्या दुनियेत त्यांना मानाने ओळखतात, पण त्यांनी काढलेल्या बहुतेक गाड्यांवर त्यांचे नाव कधीच लागले नाही.

मिकेलोत्ती कोण होते?

जन्म ६ ऑक्टोबर १९२१, इटलीतील तुरिन. फियाटचे शहर. पंधरा-सोळाव्या वर्षी ते स्टाबिलिमेंती फारिना या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले. त्या काळी मोटार कंपनी अनेकदा नुसती चॅसी आणि इंजिन विकायची, वरचा साज असे कारखाने चढवायचे. आपल्याकडे ट्रकची चॅसी घेऊन बॉडी वेगळी बांधून घेतात, तसेच काहीसे. मिकेलोत्ती तिथे रेखाटन शिकले, डिझाइनची जबाबदारी सांभाळू लागले आणि १९४९ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला.

हा स्टुडिओ म्हणजे कारखाना नव्हता. मिकेलोत्ती कागदावर गाडी काढून द्यायचे, ती पत्र्यात उतरवायचे काम विन्याले, घिया, अलेमानो यांसारखे कारखाने करायचे. सुरुवातीच्या काळातील कित्येक फेरारी अशाच विन्यालेच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. बोनेटशेजारी चिन्ह लागायचे ते कारखान्याचे. कागदावर गाडी ज्याने उभी केली तो माणूस पडद्याआडच राहायचा. त्यांच्या नावावर आज बाराशेच्या आसपास गाड्यांची रेखाटने सांगितली जातात.

त्यांची ख्याती होती वेगाची. पाहुणा समोर बसलेला असताना ते पेन्सिल उचलायचे आणि गप्पा संपेपर्यंत गाडी तयार व्हायची. हा वेगच पुढे एका ब्रिटिश कंपनीला वाचवणार होता.

कॉव्हेन्ट्रीत नेमके काय अडले होते?

इंग्लंडच्या कॉव्हेन्ट्रीतील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला पन्नाशीच्या दशकात नवी छोटी गाडी हवी होती. प्रकल्पाचे टोपणनाव होते झोबो. हे याकपासून झालेल्या एका तिबेटी संकरित जनावराचे नाव. पण कंपनीच्या स्वतःच्या डिझाइनरांकडून मनासारखी चित्रे येईनात. त्यातच दुसरे संकट उभे राहिले. कंपनीला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतला. आता पूर्ण बॉडी एका ठिकाणी दाबून देणारा कोणी उरला नाही.

तोवर नव्या गाड्या एकसंध बांधणीच्या होऊ लागल्या होत्या, म्हणजे चॅसी वेगळी नाही, पत्र्याची पेटी हाच सांगाडा. मुख्य अभियंता हॅरी वेबस्टर यांना उलट्या दिशेने जावे लागले. त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चॅसी ठेवली आणि बॉडीचे तुकडे ठिकठिकाणच्या छोट्या कारखान्यांतून करून आणायचे, मग ते चॅसीवर बोल्टने कसायचे, असे ठरवले. आता असे तुकडे जोडूनही गाडी सुंदर दिसायला हवी होती. १९५७ मध्ये वेबस्टर तुरिनला मिकेलोत्तींकडे गेले. तिथे काही मिनिटांत कागदावर जे उमटले, तीच पुढची हेराल्ड, असे ट्रायम्फच्या इतिहासात सांगितले जाते. पहिला नमुना विन्यालेने बांधला.

इंजिनीअर म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. तुकड्यांची गाडी म्हटली की जोड दिसतात. मिकेलोत्तींनी ते लपवण्याची फार धडपड केलीच नाही, जोडांच्या रेषाच त्यांनी गाडीच्या रेषा केल्या. बोनेट आणि पुढची मडगार्ड एकच तुकडा. तो पुढच्या बाजूला कलंडून उघडतो आणि मेकॅनिकला चाकावर बसून इंजिनावर काम करता येते. काचा मोठ्या, खांब बारीक. चाके इतकी वळतात की गाडी सुमारे २५ फुटांच्या घेऱ्यात फिरते. आणि या बातमीसाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छतसुद्धा वेगळा तुकडा, बोल्टवर बसवलेला. त्यामुळे त्याच गाडीची कूपे, सलून आणि १९६० मध्ये कन्व्हर्टिबल करणे कंपनीला सोपे गेले.

२२ एप्रिल १९५९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हेराल्ड सादर झाली. ती कशी जोडली जाते, हे मंचावरच तुकडे जोडून दाखवले गेले. गाडी १९७१ पर्यंत बनत राहिली आणि विविध रूपांत सुमारे पाच लाख गेल्या. मिकेलोत्तींना कंपनीने सल्लागार म्हणून बांधून घेतले. टीआर-४ (१९६१), स्पिटफायर (१९६२), ट्रायम्फ २००० (१९६३) त्यांच्याच हातच्या. स्पिटफायर तर हेराल्डचीच चॅसी आखूड करून बेतलेली. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा स्पिटफायरचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडला होता. तपासणीला आलेल्या नव्या मालकांच्या माणसांनी तो पाहिला आणि गाडी बाजारात आली.

भारतात हेराल्ड कशी आली?

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१ पासून ती इथे बनवली. नाव ट्रायम्फ नव्हे, स्टँडर्ड हेराल्ड. इंजिन ९४८ सीसीचे. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट या दोघींच्या मधे ही तिसरी, त्या दोघींपेक्षा नाजूक. परवाना राजच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, त्यामुळे मिळेल ती गाडी घेणारेही होतेच.

पण आपल्या संसाराला दोन दारे पुरेनात. मागे आजी बसणार, तिला पुढची सीट वाकवून आत कसे पाठवायचे? म्हणून १९६८ मध्ये भारतीय कंपनीने चार दारांची हेराल्ड काढली. इंग्लंडमध्ये तशी कधी बनलीच नाही. मागच्या चाकांच्या स्विंग अ‍ॅक्सलवरही तक्रारी होत्या. पाच माणसे आणि सामान बसले की गाडी मागे दबायची आणि चाके तिरपी व्हायची. पुढे १९७२ च्या गझेल मॉडेलमध्ये सरळ साधा अ‍ॅक्सल आला.

म्हणजे भारतातल्या हेराल्ड बहुतांश बंद छताच्या. छत नसलेली दिसली की पहिला प्रश्न हाच : ही जन्मापासून अशी आहे, की कोणीतरी हौसेने बोल्ट काढले?

घेताना काय पाहायचे?

विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीपासून सुरुवात करा. अस्सल कन्व्हर्टिबलला तिथे घडीचे छत अडकवायच्या कड्या आणि मागे त्याचा सांगाडा असतो. छत काढलेल्या सलूनमध्ये जुन्या बोल्टांची भोके सापडतात, बहुतेक वेळा पुट्टी भरून बुजवलेली. मग दार आणि मागचा पत्रा यांतली फट पाहा. ती वर-खाली सारखी नसेल तर चॅसी वाकली आहे किंवा गंजली आहे. चॅसीच्या बाजूचे हात आणि डिकीखालचा भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वऱ्हाडची कोरडी हवा इथे कामी येते, मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा पत्रा बरा निघण्याची शक्यता जास्त. मात्र एप्रिल-मेच्या उन्हाने रबर, वायरिंग आणि रेडिएटरचे पाइप गेलेले असतात, ते बदलायचेच असे धरून भाव करा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात, हेही त्या हिशेबात घ्या.

इंजिन बंद ठेवून एकाला क्लच दाबायला सांगा आणि पुढची पुली पाहा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली तर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशर झिजल्या आहेत, खर्च मोठा. पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या ट्रनियनमध्ये गिअर ऑइल लागते. गल्लीतला मेकॅनिक तिथे सवयीने ग्रीस भरतो आणि एखाद्या दिवशी चाकच आडवे होते.

कागद. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की आरसीतील तपशील उत्पादकाच्या मूळ गाडीपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५ हजार. अशी गाडी प्रदर्शन, रॅली यांसाठी काढायची, रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. छत काढलेली हेराल्ड इथेच अडकू शकते.

मिकेलोत्तींचे पुढे काय झाले?

साठच्या दशकात त्यांचे हात अनेक देशांत पोहोचले. जर्मनीत १९५९ ची बीएमडब्ल्यू ७०० त्यांचीच. बुडायला आलेल्या त्या कंपनीला या छोट्या गाडीने तगवले. फ्रान्सच्या अल्पाइनच्या सुरुवातीच्या गाड्या, जपानच्या हिनोची कॉन्टेसा १३००, हॉलंडची डाफ ४४ याही त्यांच्याच. त्यांनी स्वतःच्या हौसेने एक ट्रायम्फ २००० कापून उघडी गाडी केली होती. ती वेबस्टर यांनी पाहिली आणि मागून नेली, १९७० ची स्टॅग त्यातून झाली. ज्यांच्या गाडीचे छत आमच्याकडे कोणी काढले, त्यांनाही हा मोह आवरला नव्हता, हे वाचून मला जरा हलके वाटले. १९७४ मध्ये, तेलाच्या टंचाईच्या काळात, त्यांनी लेम नावाची छोटी विजेवर चालणारी गाडी दाखवली. ती उत्पादनात गेली नाही. २३ जानेवारी १९८० रोजी तुरिनमध्येच त्यांचे निधन झाले. वय ५८. ट्रायम्फ हे नाव असलेली शेवटची मोटार त्यानंतर चार वर्षांनी, १९८४ मध्ये निघाली.

मग अकोल्याच्या गाडीचे काय झाले?

एका रविवारी आम्ही दोघे गाडी पाहायला गेलो. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे. वाटेत लोणी ते माना हा पट्टा लागतो. २०२२ मध्ये तिथे एकेरी मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि तो गिनेस बुकात गेला. अशा रस्त्यावर हेराल्ड मजेत चालेल, असे मित्राचे म्हणणे होते. गाडीपाशी पोहोचल्यावर विंडस्क्रीनच्या पट्टीवर बोट फिरवले. पुट्टी लागली. आरसीत बॉडीच्या रकान्यात सलून लिहिले होते.

विकणारे काका रागावले नाहीत. त्यांच्या वडिलांनी कधीतरी लग्नाच्या वरातीसाठी छत उतरवले होते आणि मग ते चढवायचे राहून गेले. काका, छत आहे का अजून, असे मित्राने विचारले. होते. शेतात, विहिरीवरच्या मोटारीला पावसापासून झाकण म्हणून. काच फुटलेली, पण पत्रा सरळ, आणि कडेला बोल्टची भोके जशीच्या तशी. मित्राने भाव खाली आणला, इसार दिला आणि काकांच्या विहिरीसाठी नवे टिनाचे शेड स्वतःच्या खर्चाने बसवून द्यायचे कबूल केले.