रशियन सिंह : जॉर्ज हॅकेनश्मिट

बलदंड माणूस बुद्धीने बेताचाच असायचा, असा एक समज आपल्या कला शाखेत सर्रास आढळतो. मला तो कधीच पटला नाही. म्हणूनच ‘रशियन सिंह’ या नावाने जगभर गाजलेल्या जॉर्ज हॅकेनश्मिटची जीवनकथा वाचकमित्रांपुढे ठेवावीशी वाटते.

जॉर्जचा जन्म 1877 मध्ये दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे झाला. तेव्हा तो प्रदेश रशियन साम्राज्यात होता. व्यायामाचा नाद त्याला शाळेतच लागला होता. शिक्षण आटोपून तो कारखान्यात उमेदवारी करू लागला. 1898 मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला डॉ. क्रायेव्स्की यांच्याकडे गेला. या डॉक्टरांनी 1885 मध्येच तेथे शरीरसाधकांचे मंडळ स्थापन केले होते.

तेथील साधनांत ‘गिर्या’ असे. वर मूठ असलेला हा लोखंडी गोळा मूळचा बाजारातला. त्याने धान्य तोलीत. एक पूद, म्हणजे सुमारे 16 किलो, हे त्याचे माप. आपल्या व्यायामशाळांत आज दिसणारी केटलबेल ती हीच! डॉक्टरांची शिस्त साधी होती : हलक्या वजनाने आरंभ, बेताबेताने वाढ, आणि मद्य व तंबाखू वर्ज्य. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धेत जॉर्ज तिसरा आला आणि कुस्तीत युरोपचा विजेता ठरला. 1905 मध्ये न्यूयॉर्कला टॉम जेंकिन्सला हरवून तो जगज्जेता झाला.

पण खरी कसोटी पुढेच होती. 1908 मध्ये शिकागोत फ्रँक गॉचशी दोन तासांहून अधिक झुंजून त्याने हार पत्करली. 1911 मध्ये पुन्हा गाठ पडली, तेव्हा सरावात त्याचा गुडघा दुखावलेला होता. हजारो प्रेक्षकांसमोर अवघ्या वीस मिनिटांच्या आत तो दोनदा चीत झाला. वर्षांची मेहनत आणि एक दुखरा सांधा! शक्तीच्या परीक्षेला केवळ शक्ती पुरत नाही. त्या दिवशी शरीर धड असावे लागते, हेच यातून दिसते.

दुसरा एखादा मल्ल या पराभवाने खचला असता. जॉर्जने मात्र लेखणी हाती घेतली. व्यायामावर तो आधीच लिहीत होता. आता शरीर आणि मन यांच्या नात्याचा शोध घेत त्याने तत्त्वज्ञानाचे ग्रंथ लिहिले. नेमस्त आहार आणि व्यायाम त्याने म्हातारपणीही सोडला नाही. 1968 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनला त्याचे निधन झाले.

जगज्जेतेपद त्याच्याकडे जेमतेम तीन वर्षे टिकले. शिस्त मात्र सत्तर वर्षे टिकली. वाचनालय आणि व्यायामशाळा यांत एकच निवडायला निघालेल्या आपल्यासारख्यांनी याचा विचार करावा, असे मला वाटते.