विश्लेषण : डॉक्टरांपेक्षा सुईणींचा प्रसूतिकक्ष सुरक्षित का होता? सेमेलवाइस यांना काय आढळले?

डॉक्टरने परिचारिका, सुईण, तंत्रज्ञ यांच्यासह एका चमूचा सदस्य म्हणून काम करावे, ही अपेक्षा भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच नमूद आहे. तरीही ‘डॉक्टर वरचा, बाकीचे मदतनीस’ ही समजूत विद्यार्थिदशेतच रुजू शकते. या समजुतीची किंमत किती मोठी असू शकते, हे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांच्या आयुष्यातून दिसते.

सेमेलवाइस कोण होते?

त्यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरात झाला. कायदा शिकण्यासाठी ते व्हिएन्नाला गेले, पण वैद्यकशास्त्राकडे वळले. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतिविभागाचे साहाय्यक झाले.

दोन कक्षांत फरक काय होता?

या विभागाचे दोन कक्ष होते. १८४० पासून पहिल्यात फक्त वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात फक्त सुईणी शिकत. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात ११.४ टक्के माता दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. मुख्य कारण होते प्रसूतिज्वर. शहरातील गरीब बायकांनाही हे ठाऊक होते. पहिल्या कक्षात नेऊ नका, म्हणून त्या गयावया करत.

कारण कसे सापडले?

दुसऱ्या कक्षात गर्दी अधिक होती, हवामान तर दोन्हीकडे सारखेच. सेमेलवाइस यांनी एकेक शक्यता तपासून बाद केली. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्रा. याकोब कोलेच्का यांचे निधन झाले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरात दिसलेल्या खुणा प्रसूतिज्वराने दगावलेल्या मातांसारख्याच होत्या. मग उलगडा झाला. विद्यार्थी आणि डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत.

उपाय काय केला?

मे १८४७ पासून पहिल्या कक्षात येणाऱ्या प्रत्येकाला क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. १८४८ मध्ये पहिल्या कक्षात १.२७ टक्के, तर सुईणींच्या कक्षात १.३३ टक्के माता दगावल्या. दोन कक्षांतील दरी मिटली.

तरी विरोध का झाला?

द्रावणाने हातांची आग होई, वेळ जाई, त्यामुळे विद्यार्थ्यांना ही सक्ती जाचक वाटे. मात्र खरी अडचण मानाची होती. हा नियम मान्य करणे म्हणजे मातांचा मृत्यू आपल्याच हातांनी होत होता, अशी कबुली देणे. शिवाय जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित नव्हता. वरिष्ठ प्रा. योहान क्लाइन यांचेही मत प्रतिकूल होते. १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

त्यांचे स्वतःचे काय चुकले?

त्यांनी आपले निष्कर्ष वेळेवर सविस्तर लिहिले नाहीत. पाठीशी उभ्या राहिलेल्या मित्रांनाही न सांगता १८५० मध्ये व्हिएन्ना सोडले. पेस्टच्या सेंट रोखुस रुग्णालयात त्यांनी मृत्युदर एक टक्क्याखाली आणला, पण ग्रंथ प्रसिद्ध झाला १८६१ मध्ये. त्यानंतर विरोधक प्राध्यापकांवर जाहीर पत्रांतून खुनाचे आरोप केले. पटवून घेऊ शकणारेही त्यामुळे दुरावले. १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे १३ ऑगस्टला, जखमेतील संसर्ग रक्तात पसरून वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ काय?

पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कामामुळे सेमेलवाइस बरोबर होते हे सिद्ध झाले. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. सुईणींचा कक्ष तुलनेला नसता, तर डॉक्टरांची चूक उघड होणे कठीण होते. आज वॉर्डात परिचारिकेने ‘डॉक्टर, हात धुतले का?’ असे विचारले, तर प्रशिक्षणार्थी डॉक्टरने तो अपमान समजू नये. त्या प्रश्नाने रुग्णाचा जीव वाचू शकतो.